खरखर

फोन आला तेव्हा मी पाणबुडी मोटारीची
जळकी तार उलगडत होतो.
'भाऊ, मशीन लई मासे दाखवते,
जाळ्यात मात्र काईच नाही.'
प्रल्हाद नान्हे, सोसायटीचा सचिव.
आवाज पडलेला. अनुदानाच्या कागदावर सही त्याचीच.

इटियाडोहाच्या काठाला फायबरचा डोंगा,
त्यात सुकराम वलथरे, वय विचारलं तर 'बांधाच्या आधीचा'.
मशीन लावलं. पडदा भरला.
वरपासून तळापर्यंत पिवळे ठिपके,
पहाटे मोहाखाली सडा पडावा तसे.
सुकराम म्हणाला, 'येवढे मासे असते
तं डोंगा जमिनीवरून हाकलला असता.'

मी म्हणालो, एकेक बंद करू.
आधी इंजिन. अर्धा सडा गेला.
मग पाणी उपसायचा पंप. काही फरक नाही.
मग ताडपत्रीखालचा पांढरा दिवा.
मग नातवाचा फोन, चार्जरला लटकलेला.
निकेश कुरकुरला, सिनेमा ऐन रंगात होता,
पण वायर निघाली आणि
डाव्या कोपऱ्यातली रेघांची झिमझिम थांबली.
तरी उरलंच थोडं.

पेटीतून माझी छोटी बॅटरी काढली,
मशीन तिच्यावर जोडलं, एकट्यानं.
पडदा गप्प.
इंजिनाला दोरी मारली. पुन्हा तिरक्या रेघा.
तेव्हा फळी उचलून पाहिलं:
तळाचा आवाज आणणारी वायर
आणि इंजिनाच्या ठिणगीची वायर
लुगड्याच्या एकाच चिंधीनं बांधलेल्या,
शेजारणींसारख्या, कुडाला कान लावून.

सोडवल्या. एक डाव्या काठानं, एक उजव्या.
जिथं भेटणं टळत नव्हतं तिथं काटकोनात ओलांडल्या.
भंगारातल्या संगणकाची काळी कडी
तारेवर बसवली. अर्थिंगचा नट हिरवा पडला होता,
तो घासला, पितळ दिसेपर्यंत.

पुन्हा इंजिन.
पडदा रिकामा.
खाली एक तपकिरी रेघ, एकतीस फूट,
रेघेवर एक खुंट,
बुडालेल्या सागाचा असावा.
बाकी पाणी.

कोणी बोललं नाही.
प्रल्हादनं बोटावर मोजलं, आषाढ, श्रावण,
भादवा, आश्विन.
काठावर जाळं सांधणारी फुलवंता
दातानं दोरा तोडत म्हणाली,
'चार महिने तुमी
इंजिनालेच मासे समजून रायले होते.'

'पन गावले बी होते ना दोनदा,' सुकराम म्हणाला.
कोणी उत्तर दिलं नाही.
त्यानं इंजिन बंद केलं, बांबू पाण्यात सोडला,
वरचं टोक कानाला.
त्याचा बाप असंच ऐकायचा म्हणे,
कतल्याचा कळप वळला की
बांबूत वाळू सरकल्यासारखं होई.
'मंग इंजिन आलं,
अन् बांबूतई खरखर आली.'

किती वेळ गेला ठाऊक नाही.
पडद्यावर अठरा फुटांवर
एक कमान उमटली, बारीक, भुवईएवढी,
आणि डावीकडे सरकत गेली.
'रोहू,' सुकराम म्हणाला. पडद्याकडे त्याची पाठ होती.
मी काही बोललो नाही, मला वायरीच कळतात.
जाळं टाकायचं कोणालाच सुचलं नाही.

बिल सोसायटीच्या नावानं, म्हणजे दिवाळीनंतर.
फुलवंतानं पळसाच्या पानात दोन मांगूर दिले,
अर्जुनीपर्यंत पिशवीत हलत होते.

रात्री दुकानावरच्या खोलीत
पंखा बंद केला.
फ्रीजचं बटण काढलं.
मीटरजवळ जाऊन उभा राहिलो.
बायको अंधारातून म्हणाली, काय शोधता?
तीस वर्षं मोटारी तपासल्यात,
कानात एक घूं असते बारीक.
म्हटलं, बघतो,
यातली माझी किती.